मयताचे बटाटे

आपल्या विसाव्या वाढदिवसाचं कोणी काही करू नये असं एल्डर क्रँडलला मनापासून वाटत होतं, आणि कोणी काही केलं नाही तर त्याला फार वाईट वाटणार होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे ज्यांना पटत नसेल त्यांनी घरापासून लांब, मध्य आशियात, अल्माटी शहरातल्या एका चार मजली इमारतीत, वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात राहून बघावं.

एल्डर म्हणजे ज्येष्ठ. मॉर्मन लोकांत धर्मप्रचाराला निघालेल्या कोवळ्या पोरालाही ही पदवी मिळते, त्यासाठी दाढी येण्याची वाट बघत नाहीत. पदवी छातीवरच्या काळ्या पट्टीवर कोरलेली असते. दोन वर्षं परमुलखात राहायचं, पांढरा शर्ट आणि टाय घालायचा, चहा, कॉफी, दारू यांना शिवायचं नाही आणि जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही, असा एकूण कार्यक्रम. क्रँडलचा जोडीदार एल्डर फिफिता हा टोंगा बेटावरचा. हडकुळा, शांत, शर्टाच्या खिशात नियमांची पांढरी पुस्तिका बाळगणारा. तो कधी खोटं बोलायचा नाही, आणि खरं बोलण्याआधी कोणाला विचारायचाही नाही. अशा माणसाला नजरेआड होऊ न देणं हे काय असतं ते क्रँडलला चांगलं माहीत होतं.

खोटं तसं क्रँडलही बोलत नसे. तो फक्त निवडून बोलत असे. दर आठवड्याला तो आयडाहोला घरी लिहायचा, 'या आठवड्यात खूप लोकांना भेटलो.' हे खरंच होतं, बसला गर्दी असायची. 'एका आजोबांशी धर्मावर बोलणं झालं.' हेही खरं होतं, आजोबा म्हणाले होते की नको. त्याचे वडील, ड्वेन क्रँडल, बटाट्याच्या शेतांना पाण्याचे पाइप विकणारे सरळ गृहस्थ, ही पत्रं रविवारी चर्चमध्ये उभं राहून वाचायचे, आणि गावाचा असा समज झाला होता की मध्य आशिया आता जवळजवळ उरकलाच आहे. प्रत्यक्षात सव्वा वर्षात क्रँडलने एकाही माणसाला बदललं नव्हतं. एक जण बदलल्यासारखा वाटला होता, पण तो घर बदलत होता आणि त्याला कपाट उचलायला दोन माणसं हवी होती.

शिवाय सरकारचा नियम होता. धर्म करायचा तो नोंदणी झालेल्या सभागृहात. राहत्या घरात लोक जमवून काही केलं तर व्हिसा रद्द, आणि पुढच्या विमानाने घरी. क्रँडल सगळ्यात जास्त कशाला घाबरत असेल तर याला. मुदतीआधी परतलेल्या पोराला त्याच्या गावात कोणी एक शब्द बोलत नाही. लोक फक्त हळू आवाजात दार वाजवतात आणि बटाट्याचा एक ट्रे ठेवून जातात. किसलेला बटाटा, साय, चीज आणि वर कुस्करलेले कॉर्नफ्लेक्स. घरात कोणी गेलं की शेजाऱ्यांनी हा ट्रे आणायचा अशी त्यांच्याकडची रीत आहे, म्हणून त्या पदार्थाचं नावच मुळी 'मयताचे बटाटे'. मुदतीआधी परतलेल्या पोरासाठीही तोच ट्रे येतो. वेगळा पदार्थ करण्याची गरज गावाला कधी वाटली नाही.

तर वाढदिवस. क्रँडलची योजना एका केकपुरती होती. आईने पार्सल पाठवलं होतं, त्यात केकचं तयार पीठ, मेणबत्त्या आणि कागदी टोप्या. पार्सल आलं, पण पोस्टाच्या खिडकीच्या पलीकडेच थांबलं. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, पावडर कसली आहे. क्रँडल म्हणाला, केकची. बाईंनी विचारलं, मग पांढरी का आहे. या प्रश्नाचं उत्तर क्रँडलकडे रशियनमध्येच काय, इंग्रजीतही नव्हतं. बाईंनी एक फॉर्म सरकवला. त्यात वापराचा हेतू लिहायचा होता. क्रँडलने बराच विचार करून, एकही अक्षर खोटं जाऊ नये म्हणून लिहिलं: आनंद.

पांढरी पावडर, परदेशातून आलेली, वापराचा हेतू आनंद. बाईंनी फॉर्म वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला आणि आतल्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी क्रँडलकडे बापाच्या मायेने पाहिलं आणि पार्सल तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवलं. प्रयोगशाळेचं उत्तर हिवाळा संपेपर्यंत येईल असं ते म्हणाले. कोणता हिवाळा ते म्हणाले नाहीत.

केक गेला. मग क्रँडलला स्वयंपाकातला जो एकच पदार्थ येत होता तो करायचं त्याने ठरवलं, म्हणजे मयताचे बटाटे. नाव काही का असेना, चवीला चांगले लागतात आणि घराची आठवण येते. फक्त त्यांच्या घरातला ओव्हन बंद होता. घरमालक त्यात लोणच्याच्या बरण्या ठेवायचा. म्हणून ओव्हन मागायला तो समोरच्या कुल्याश आपांकडे गेला, फिफिताला घेऊन.

कुल्याश आपा शाळेच्या खानावळीतून निवृत्त झाल्या होत्या, पण खानावळ त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. ओव्हन कशाला, हे त्यांनी विचारलं. क्रँडल म्हणाला, सहजच. फिफिता म्हणाला, "शनिवारी याचा वाढदिवस आहे."

"अस्सं. कोण कोण येणार?"

"कोणी नाही, आपा. मी आणि हा."

"म्हणजे वाढदिवस तुझा, आणि खाणारही तूच?"

हे त्यांनी ज्या आवाजात विचारलं तो आवाज क्रँडलच्या गावात घरफोडीसाठी राखून ठेवलेला आहे. त्या इमारतीची रीत सरळ होती. ज्याचा वाढदिवस त्याने बाकीच्यांना जेवू घालायचं. जन्माला आलात, आता भोगा. एकट्याने बटाटे खाऊन वाढदिवस उरकणारा माणूस एकतर कंजूष असतो किंवा फरार, आणि आपल्या मजल्यावर यातलं काहीही राहतंय हे आपांना चालणार नव्हतं. त्यांनी जागच्या जागी ठरवून टाकलं. मांस त्या शिजवतील, गावाकडचा पुतण्या मेंढा आणेल, खोली क्रँडलची. क्रँडल म्हणाला, एवढं कशाला. आपा म्हणाल्या, घाबरू नकोस, लहानसाच आहे. मेंढा दुसऱ्या दिवशी आला. क्रँडलच्या गावात एवढ्या आकाराच्या वस्तूला पार्किंगची जागा लागते.

बातमी जिन्यातून वर गेली आणि सल्ले जिन्यातून खाली आले. तिसऱ्या मजल्यावरचा गेन्नादी, लिफ्ट दुरुस्त करणारा, ज्या इमारतीत लिफ्टच नाही अशा इमारतीत राहत असल्यामुळे त्याला सल्ल्यांना पुष्कळ वेळ असायचा. त्याने पहिल्यांदा बजावलं की तारखेच्या आधी कोणाकडून शुभेच्छा घ्यायच्या नाहीत, माणूस तारखेपर्यंत पोचत नाही. यानंतर अख्खी इमारत आठवडाभर जिन्यात क्रँडलला भेटून काही न बोलता सहानुभूतीने बघत जाऊ लागली. दुसरा सल्ला दारूबद्दल होता. आम्ही पीत नाही, असं क्रँडलने सांगितल्यावर गेन्नादीने विचारलं,

"मग तो वाढदिवस आहे आणि इमारतीची मीटिंग नाही, हे लोकांना कळणार कसं?"

क्रँडल हसला. पुढे त्याला हे हसणं फार महागात पडलं.

खरी तयारी घरात झाली. जेवायला लोक येणार, म्हणजे लोक जमणार, म्हणजे त्या जमण्याला धर्माचा वासही येता कामा नये, असं दोघांनी ठरवलं. येशूचं चित्र भिंतीवरून उतरवलं. मागे फिकट चौकोन राहिला, त्यावर घोड्याचं कॅलेंडर लावलं. घोडा चौकोनाहून लहान असल्यामुळे त्याच्याभोवती तेजोवलय आल्यासारखं दिसू लागलं, पण त्याला इलाज नव्हता. धर्मग्रंथ, पत्रकं, भजनाची पुस्तकं सगळी कपडे धुण्याच्या मशीनमध्ये कोंबली. ज्या गोष्टीसाठी दोघं अर्धं जग ओलांडून आले होते तिच्यावर त्यांनी झाकण लावलं आणि वर टॉवेल वाळत घातला. जेवणाआधीची प्रार्थना डोळे उघडे ठेवून, घास चावल्यासारखं तोंड हलवत मनात म्हणायची असं ठरलं. पट्टीवर मात्र एकमत होईना. चारचौघांत पट्टी लावलीच पाहिजे असं पुस्तिका म्हणत होती. आपल्याच खोलीत चारचौघं आले तर काय, यावर पुस्तिका गप्प होती. शेवटी पट्ट्या लावल्या.

शनिवारी संध्याकाळी जिन्यात बुटांचा ढीग पडला. सव्वा वर्ष क्रँडलने या लोकांची दारं वाजवली होती आणि दार उघडून त्यांनी फार प्रेमाने त्याला परत पाठवलं होतं. आता तेच लोक त्याच्या खोलीत गाद्या पसरून, एकमेकांच्या गुडघ्यांवर बसले होते. आपांच्या ओव्हनमधून आलेला क्रँडलच्या बटाट्यांचा ट्रे कोपऱ्यात होता. चहा फिरू लागला. दोघांनी गरम पाणी घेतलं. आपांनी पाहुण्यांना हळूच सांगितलं की पोरांची पोटं नाजूक आहेत, आणि बायकांनी चुकचुकून माना हलवल्या. मग घोडीचं आंबवलेलं दूध आलं. आंबवलेलं म्हणजे दारू का, हे फिफिताने पुस्तिकेत शोधलं. पण ती पुस्तिका अशा प्रांतात लिहिलेली आहे जिथे घोडीवर फक्त बसतात. दोघांनी ओठ लावून वाडगा खाली ठेवला. पोटाबद्दलची शंका आता खात्रीत बदलली.

मग डोकं आलं.

आपांनी मोठ्या परातीत मांस आणि वर मेंढ्याचं उकडलेलं डोकं मांडून आणलं आणि रीतीप्रमाणे सेयितकुल आजोबांपुढे ठेवलं. आजोबा इमारतीत सगळ्यांत म्हातारे, कझाक घोडदळात कधीकाळी नाल ठोकायचे, आणि अजूनही समोरच्या माणसाकडे आधी पायाकडून बघायचे. डोकं त्यांचंच, यात कोणाला शंका नव्हती. पण आजोबांची नजर वर सरकत सरकत क्रँडलच्या छातीवरच्या पट्टीपर्यंत आली. त्यांनी शेजारच्याकडून ती वाचून घेतली.

"ज्येष्ठ," आजोबा म्हणाले. "मी एवढा म्हातारा झालो, मला कोणी सर्टिफिकेट दिलं नाही. हा छातीवर लावून बसलाय. मग डोकं यालाच द्या की."

आणि त्यांनी परात क्रँडलकडे ढकलली. खोली गालात हसली. हा टोमणा होता. टोमण्याला उत्तरही ठरलेलं होतं. पोराने हात जोडून म्हणायचं, 'माझे वडील हयात आहेत,' आणि परात मागे सारायची. कारण ज्याचा बाप जिवंत आहे तो मेंढ्याचं डोकं घेत नाही, हे तिथे पाळण्यातल्या पोराला कळतं. बाप असताना पोर कसलं मोठं. डोकं घेतलं, याचा अर्थ घरात वडीलधारं आता कोणी उरलं नाही.

क्रँडलला प्रचाराला पाठवण्यापूर्वी एक गोष्ट पुन्हापुन्हा शिकवली होती. लोक जे वाढतील ते घ्यायचं, नाही म्हणायचं नाही. त्याने मनापासून आभार मानले, सुरी उचलली आणि कान कापला.

खोलीतलं हसू मावळलं. आजोबांचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, "मला माहीत नव्हतं रे, बाळा," आणि तळवे उघडून काहीतरी पुटपुटू लागले. सगळ्यांनी तळवे उघडले. शेवटी सगळ्यांनी ते चेहऱ्यावरून फिरवले. क्रँडलला वाटलं, ही इथली शुभेच्छा द्यायची पद्धत. त्यानेही फिरवले. आपल्या बापाच्या सद्गतीसाठी त्याने इतक्या मनोभावे हात फिरवलेले पाहून बायकांचे डोळे भरून आले.

मग आपांनी डोळे मिटून एक लांबलचक, चढत जाणारं गाणं सुरू केलं. गेलेल्या माणसासाठी बायका म्हणतात ते. क्रँडल ते वाढदिवसाचं गाणं समजून उत्साहाने ताल धरून टाळ्या वाजवू लागला.

"दुःखाने भ्रमिष्ट झालाय," गेन्नादी कोणाला तरी म्हणाला. मग त्याने स्वतः आणलेल्या फुलांच्या गुच्छातून एक फूल गुपचूप काढून घेतलं आणि गुच्छ पुढे केला. रशियन माणूस वाढदिवसाला विषम फुलं देतो आणि मयताला सम. क्रँडलला हे ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच दिसलं की माणसाने आपल्याला दिलेल्या फुलांतलं एक परत घेतलं, आणि ते त्याला लागलं.

तरीही तो खूश होता. माणसं एकामागून एक उठून त्याला छातीशी धरत होती. एका अनोळखी बाईने त्याच्या कपाळाचा मुका घेतला. सव्वा वर्षात आपण या लोकांच्या मनात घर केलंय आणि आपल्याला कळलंही नाही, असं वाटून त्याचेही डोळे पाणावले. रविवारच्या पत्रात हे कसं लिहायचं याची वाक्यं तो मनात जुळवू लागला, आणि पहिल्यांदाच त्याला निवडून लिहायची गरज वाटत नव्हती.

तेवढ्यात दारात पोलीस उभा राहिला.

लेफ्टनंट सागदात हा त्या भागाचा अंमलदार. परदेशी पोरांच्या घरी सभा चालू आहे असा कोणाचा तरी फोन आला होता. तो बूट न काढता उंबऱ्यात थांबला आणि खोली बघू लागला. बाटली नाही. संगीत नाही. दाटीवाटीने बसलेले गंभीर लोक, मध्ये टाय लावलेले दोन परदेशी, भिंतीवर तेजोवलय असलेला घोडा. आजोबांसकट काही जणांनी पुन्हा तळवे उघडले होते. धर्म शोधायला आलेल्या माणसाला याहून जास्त काय लागतं. त्याने वहीकडे हात नेला.

"कसली सभा आहे ही?"

"लाज वाटू दे जरा," आपा म्हणाल्या. "पोराचा बाप गेलाय. बघ, डोकं घेतलंय त्याने."

क्रँडलच्या हातातली सुरी थांबली. गाणं, फुलं, मिठ्या, टाळ्या, सगळं त्याच्या डोक्यात उलट्या क्रमाने फिरून परत जागेवर आलं. लेफ्टनंटने टोपी काढली. बूटही काढले. मग तो क्रँडलजवळ उकिडवा बसला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला की त्याचे वडीलही मागच्याच वर्षी गेले, आणि पोलीसखात्यात असूनही तो रडला होता.

क्रँडलने उठून फिफिताला स्वयंपाकघरात नेलं. तिथे दोघांनी नळ सोडून कुजबुजत चर्चा केली. खरं सांगितलं तर हे दुखवट्याला जमलेले लोक राहत नाहीत. मग उरतो तो बिनदारूचा, बिनगाण्याचा वाढदिवस, आणि तो वाढदिवस आहे हे पोलीस मरेपर्यंत मानणार नाही. म्हणजे सभा. म्हणजे विमान. म्हणजे गावात दारोदार... नाही, आपल्याच दारात बटाट्याचे ट्रे. आणि गप्प राहिलं तर?

"मी खोटं बोललेलो नाही," क्रँडल म्हणाला. "आपा बोलल्या."

"मग तू काय बोलणार आहेस?"

"काही नाही. मी दुःखी दिसणार आहे. मी आहेच दुःखी."

फिफिताने पुस्तिका काढली. तिच्यात कुटुंबातल्या व्यक्तीच्या निधनावर एक पान होतं, पण ती व्यक्ती जिवंत असून आयडाहोत पाइप विकत असेल तर काय, हे त्यात कुठेच नव्हतं. चर्चा तिथेच अडकली. खोलीत परतले तेव्हा लेफ्टनंट क्रँडलच्या ट्रेमधलं खात होता आणि त्याचा धंदेवाईक संशय हळूहळू परत येत होता. दुखवटा म्हणतात, आणि पोरगं नवा टाय घालून बसलंय. त्याने चमचा वर करून विचारलं, हे काय आहे.

क्रँडलने तोंड उघडण्याआधी फिफिताने उत्तर दिलं. तो खोटं बोलत नसेच.

"मयताचे बटाटे. आमच्यात कोणी गेलं की करतात. याने सकाळीच केले."

बायकांमधून एक हुंदका आला. लेफ्टनंटने मान खाली घातली, आणखी एक चमचा घेतला आणि वही खिशात टाकली. प्रकरण मिटलं होतं. क्रँडल वाचला होता. फक्त बाप गमावून.

आता त्याने त्या क्षणी फोन बंद केला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण फोन कपाटावर होता आणि कपाटाजवळ आपा होत्या. आयडाहोत तेव्हा सकाळ होती. फोन वाजला. आपांची मुलगी जर्मनीत असते, त्यामुळे व्हिडिओवर बोलणाऱ्या फोनचं काय करायचं हे आपांना पाठ होतं. त्यांनी हिरवं बटण दाबलं आणि फोन परातीसमोर, सगळ्यांना दिसेल असा टेकवून ठेवला.

पडद्यावर ड्वेन क्रँडल होते. डोक्यावर कागदी टोपी, हातात केक, केकवर मेणबत्त्या आणि पोराचं नाव. मागे आई आणि बहिणी. ते मोठ्याने, सुराची पर्वा न करता, वाढदिवसाचं गाणं म्हणत होते. तेच गाणं अल्माटीतही म्हणतात, त्यामुळे सगळ्यांना कळलं.

"जाण्याआधी रेकॉर्ड करून ठेवलं असणार," गेन्नादी घोगऱ्या आवाजात म्हणाला. "बघा, पोरासाठी किती विचार केला माणसाने."

मग मात्र खोलीचा बांध फुटला. मेलेला बाप टोपी घालून पोराला शुभेच्छा देतोय, हे पाहून लेफ्टनंटसुद्धा उघडउघड रडू लागला. आणि तिकडे पडद्यावर ड्वेन क्रँडल यांचं गाणं हळूहळू थांबलं. समोर खोलीभर माणसं. म्हातारे, बायका, वर्दीतला अधिकारी. सगळे त्यांच्याकडे बघून अश्रू ढाळतायत. पत्रं वाचताना मनाच्या कोपऱ्यात जी एक बारीकशी शंका त्यांना यायची ती विरून गेली. माझ्या पोराने हे सगळे मिळवले. त्यांनी डोळे पुसले आणि समोरच्या हिरव्या रुमालातल्या बाईंना हात केला. आपांनी सवयीने हात केला. ड्वेननी पुन्हा केला. आपांनी पुन्हा केला. मग आपांचा हात हवेतच राहिला.

रेकॉर्डिंग हात करत नाही.

खोली क्रँडलकडे वळली. त्याने एकदा दाराकडे बघितलं. व्हिसा, विमान, ट्रे, सगळं त्याला स्पष्ट दिसलं. मग त्याने फोनकडे बघितलं. तिथे त्याचा बाप अजून रडत, टोपी सावरत होता, आणि पोराला हे जमलं नाही. बापाला त्याच्या तोंडावर मेलेला ठेवणं ही निवडून बोलण्याची सीमा ओलांडणारी गोष्ट होती.

"हे माझे वडील," तो म्हणाला. "हयात आहेत. डोकं घ्यायचं नसतं हे मला माहीत नव्हतं."

आजोबांनी परात स्वतःकडे ओढली, एका कानाचं डोकं बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाले, "ज्येष्ठ म्हणे." मग त्यांचे खांदे हलू लागले. रडतायत की काय म्हणून आपा पुढे झाल्या, पण आजोबा हसत होते, आवाज न करता, दात नसलेल्या तोंडाने. पाठोपाठ खोली हसली. गेन्नादीने खिशातून मघाचं फूल काढून गुच्छात परत खोचलं. फक्त लेफ्टनंट हसला नाही. तो डोळे पुसत उठला आणि त्याने टोपी डोक्यावर ठेवली. मयतात रडलो ते ठीक, पण फसवणुकीत रडलो हे खात्यात कळलं तर काय, अशी काहीशी मुद्रा होती.

"म्हणजे दुखवटा नाही."

"नाही."

"मग सभा."

"वाढदिवस."

"दारू कुठाय?"

"मी सांगितलं होतं याला," गेन्नादी म्हणाला.

क्रँडलने पडद्यावरच्या केककडे बोट दाखवलं. लेफ्टनंट फोनसमोर बसला आणि त्याने रीतसर विचारलं की आज तुमच्या मुलाचा वाढदिवस आहे हे खरं का. वर्दीतला माणूस आपल्याशी बोलतोय हे पाहून ड्वेन क्रँडल सद्गदित झाले. त्यांनी देवावरची आपली श्रद्धा, आपल्या आजोबांची श्रद्धा, पाण्याची एक पाइपलाइन प्रार्थनेमुळे कशी वाचली आणि आमच्या धर्मात येण्याचा तुम्हा सर्वांचा निर्णय किती योग्य आहे हे सगळं भरभरून सांगितलं. बराच वेळ सांगितलं. मग खोलीने क्रँडलकडे बघितलं.

"हो, असं म्हणतायत," क्रँडल म्हणाला. भाषांतर आटोपशीर होतं, पण त्यात चूक नव्हती.

लेफ्टनंटने वही काढली. आलाच होता, तर काहीतरी लिहिणं भाग होतं. त्याने विचारलं, आज इथे तुमच्या धर्माबद्दल कोणी काही बोललं का. क्रँडल म्हणाला, नाही. कोणी विचारलं का. नाही. आजोबांच्या उघड्या तळव्यांबद्दल लेफ्टनंटने विचारलं नाही, कारण ते तळवे त्याच्या ओळखीचे होते. मग त्याने खोलीकडे वळून विचारलं, यांच्या धर्मात कोणाला जायचंय का. लोक मांसाकडे बघू लागले.

"माणसं चांगली आहेत," आपा म्हणाल्या. "पण चहा पिऊ देत नाहीत."

लेफ्टनंटने सरकारी अक्षरात, जीभ दातात धरून लिहिलं: 'परदेशी नागरिकांच्या निवासस्थानाची समक्ष पाहणी केली. वाढदिवस व भोजन सुरू होते. सदर ठिकाणी धर्म आढळून आला नाही.' खाली रेघ मारून त्याने वही आणि पेन क्रँडलपुढे केलं. यावर सही झाली की व्हिसा सुरक्षित, काम चालू, दोन वर्षं पूर्ण.

फोनमधून वडिलांचा आवाज आला. "अरे, ते अधिकारी कागदावर लिहून घेतायत ना? नावं घेतायत का? देवा रे. ही बघ तुझी आई रडायला लागली."

क्रँडलने ते शेवटचं वाक्य वाचलं. मग भिंतीवरच्या घोड्याकडे बघितलं, मशीनवरच्या टॉवेलकडे बघितलं, आणि पुन्हा वाचलं. त्यात कुठे काही खोटं आहे का ते त्याने मनापासून शोधलं. सापडलं नाही.

त्याने सही केली, आणि आयडाहोत टाळ्या वाजल्या.